दोन बोटं माया

माझ्या थोरल्या बहिणीच्या दुकानाबाहेर पाटी आहे : ‘येथे नवीन कपडे शिवून मिळणार नाहीत.’ काय मिळेल ते कुठेच लिहिलेलं नाही. मी एकदा म्हटलं, ताई, सगळं जग दुकानात काय मिळतं ते लिहितं आणि तू काय मिळत नाही ते लिहितेस. तर म्हणाली, ज्यांना यायचंय त्यांना ठाऊक आहे, पाटी बाकीच्यांसाठी आहे. अशा बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी जन्मभर घालत आलोय ते सोडा.

ताई फक्त दुरुस्तीचं काम करते. सैल झालेलं आत घ्यायचं, घट्ट झालेलं बाहेर काढायचं, मोडकी चेन बदलायची, झिजलेली बाही आखूड करायची. तरुणपणी ती गणवेशांच्या कारखान्यात होती. तिथे तिच्या वाट्याला कॉलर आली होती. शर्टाचं बाकीचं अंग कोण शिवतं, ते कुणाच्या अंगावर जातं, तिला काही पत्ता नसायचा. सकाळी समोर कॉलरींचा ढीग पडायचा आणि संध्याकाळी कुणीतरी तो उचलून न्यायचं. ते सोडलं तेव्हा तिने कानाला खडा लावला की यापुढे नवा कपडा म्हणून शिवायचा नाही. वापरून ढोपराला पातळ झालेली पॅन्ट हातात आली की तिचा चेहरा खुलतो. यात कुणीतरी राहून गेलंय, म्हणते.

गिऱ्हाईक आलं की ती आधी कपडा उलटा करते. गिऱ्हाईक बिचारं काय बिघडलंय ते सांगत असतं, हिचं तिकडे लक्षही नसतं. शिवणीच्या आत किती जादा कापड सोडलंय ते ती अंगठ्याने चाचपत असते. शिवणकामात त्या जादा कापडाला माया म्हणतात. अंग भरलं, मूल वाढलं, तर शिवण उसवायची, आतली माया बाहेर काढायची आणि कपडा पुन्हा अंगाला येतो. माया नसेल तर ताईचे हात बांधलेले. तयार कपड्यांवर तिचा दात आहे तो त्यामुळेच. वरून एवढं देखणं आणि आत सूतभर माया नाही, असं म्हणून ती तो कपडा अशी घडी करून परत देते की गिऱ्हाइकाला स्वतःचीच लाज वाटावी.

हे कपड्यांपुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. ती माणसांबद्दलही याच भाषेत बोलते. समोरच्या सायकलवाल्याचं काज मोठं नि बटण लहान, म्हणून तो कुठल्याच कामात टिकत नाही. आमचे एक काका म्हणजे नुसतंच अस्तर. आणि मी अजून कच्च्या टाक्यावर आहे. घरोघरी पाण्याचे मीटर वाचत फिरणारा, डोक्याचे केस पिकलेला माणूस मी, पण कच्च्या टाक्यावर. स्वतःचं लग्न मोडून ती घरी आली तेव्हाही दारात उभी राहून एवढंच म्हणाली, “उसवलं.” पुढे कुणाची विचारायची छाती झाली नाही.

माझी बायको गेली तेव्हा मुलगी जेमतेम बोलायला लागली होती. ताई मशीन घेऊन आमच्याकडे आली ती कायमचीच. पुढच्या खोलीत तिने दुकान थाटलं. मध्ये एक जाड पडदा, पडद्यामागे स्वयंपाकघर, तिथून वर जाणारा लाकडी जिना आणि वर एक खोली, असं आमचं घर. मुलीला आम्ही मुंगी म्हणतो, कारण लहानपणी ती घरात रिकाम्या हाताने कुठे जायचीच नाही. बॉबिन, चमचा, खडूचा तुकडा, माझा एक मोजा, काहीतरी उचलून नेत असायची. मशीनच्या पायाशी बसूनच ती मोठी झाली. तिला ताईने शिवायच्या आधी उसवायला शिकवलं. वाकडं गेलं की उसव, हा आमच्या घरचा कायदा. ब्लेडच्या टोकाने एकेक टाका उचलायचा, दोरा ओढायचा, कापडाला धक्का लागू द्यायचा नाही. मुंगीचा हात त्यात इतका बसला की ताई अवघड कपडे तिच्याकडे सरकवायला लागली.

या मुंगीला घरं बांधायला शिकायचं होतं. म्हणजे विटा रचायला नाही, कागदावर काढायला. शाळेत असतानाच तिने आमच्या दुकानाचा नकाशा काढून ताईला दाखवला आणि सांगितलं, मशीन चुकीच्या जागी आहे, तुझ्या हाताची सावली तुझ्याच कामावर पडते. ताईने आठवडाभर नाक मुरडलं आणि मग एका दुपारी मुकाट्याने माझ्याकडून मशीन हलवून घेतलं. अजून तिथेच आहे.

हे शिक्षण देणारी चांगली कॉलेजं मोजकी आणि त्यांची एक प्रवेश परीक्षा असते. मला या परीक्षेचा राग आहे, तो मी लपवणार नाही. अठरा वर्षांचं लेकरू काय चीज आहे ते एका सकाळी, पंखा कुरकुरणाऱ्या हॉलमध्ये बसवून ठरवायचं, ही कुठली रीत? पण माझ्या रागाला विचारतो कोण. मुंगी परीक्षेला बसली आणि थोडक्यात राहिली. चित्राच्या पेपरात एक जिना काढायचा होता. एक पायरी जराशी वाकडी गेली. तिने ती खोडून पुन्हा काढली. ती खालच्या पायरीशी जुळेना, म्हणून खालचीही खोडली. जिना फार सुरेख झाला, असं ती अजून सांगते. पुढचे प्रश्न मात्र कोरे राहिले.

आता दोन वाटा होत्या. जवळच्या साध्या कॉलेजात विज्ञानाला जागा मिळत होती, प्रवेशाची मुदत महिनाअखेरपर्यंत. नाहीतर वर्षभर घरी थांबून परीक्षा पुन्हा द्यायची. दोन्ही एकदम कर, असं मी सुचवून पाहिलं. पण दोन दगडांवर पाय ठेवायला तिला जमत नाही, त्या बाबतीत ती आईवर गेलीय. शेवटी मी म्हटलं, तुझं तू ठरव. हे वाक्य बाप लोक घाबरले की म्हणतात. ऐकायला मोठं उदार वाटतं. खरं कारण वेगळंच होतं. पुन्हा राहिली तर तिचं ते तोंड मला बघवणार नव्हतं.

आणि ताई? जिच्या तोंडाचा पट्टा मशीनच्या वर ऐकू येतो, तिने याच वेळी मिठाची गुळणी धरली. दे म्हणाली नाही, नको देऊ म्हणाली नाही. मुंगी तिच्या आसपास घोटाळत राहायची, कात्री इकडची तिकडे ठेवायची, काहीतरी कानावर पडेल म्हणून थांबायची. कारण या घरात माझं मत ऐकून घेतात आणि ताईचं मानतात.

अशात एका दुपारी मुंगीच्या क्लासचे सर आले. परीक्षेची तयारी त्यांनीच करून घेतली होती. भला माणूस, खाण्याचा शौकीन, बारशातल्या बाळासारखा गोल होत चाललेला. मी स्टुलावर चहा पीत बसलो होतो. सरांनी आधी मुंगीची चौकशी केली. माझं विचाराल तर पोरीने पुन्हा बसावं, असं म्हणाले. ताई नुसतं हं म्हणाली. मग त्यांनी लाजत लाजत पिशवीतून पॅन्ट काढली. हिचीच कंबर ताईने मागे एकदा वाढवून दिली होती, ती आता पुन्हा लागेनाशी झाली होती. ताईने पॅन्ट उलटी केली, कमरेची शिवण चाचपली.

तेव्हा आम्हाला जे माहीत नव्हतं ते आताच सांगून टाकतो. मुंगी नुकतीच मागच्या दाराने आली होती आणि पडद्यामागे पाणी पीत उभी होती. तिच्या कानावर पडलं ते एवढंच.

“मग काय म्हणता ताई,” सर म्हणाले, “पुन्हा एकदा बघायचं का?”

“नको, सर. मागच्या वेळीच हिला सगळं ताणून झालं. हिच्यात आता माया उरली नाही.”

“थोडीफार असेल की.”

“नाही हो, मला हाताला कळतं. उगीच पुन्हा उसवायची आणि फाटली म्हणजे? आहे तशी राहू द्या. साध्यासुध्याला चालून जाईल.”

आता मराठीत पॅन्ट ही ‘ती’ आहे, याला ताईचा काय इलाज? सरांनी शर्ट आणला असता तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण घडलं. मुंगी पेला जागेवर ठेवून, आवाज न करता जिना चढून वर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जाहीर केलं की ती जवळच्याच कॉलेजात प्रवेश घेणार, परीक्षा पुन्हा देणार नाही. आवाज अगदी सरळ होता. मी बरं म्हटलं. माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी मला फार वाईट वाटलं, दोन्ही एकदम कसं होतं ते मला सांगता येणार नाही. ताईचा मशीनवरचा पाय थांबला. तिने विचारलं, नीट विचार केलास? मुंगी हो म्हणाली. ताईही बरं म्हणाली आणि मशीन पुन्हा चालू झालं.

त्याच दिवशी मी वर गेलो तर ताई चिंध्यांची पेटी ओढत परत खिडकीखाली नेत होती. ती पेटी तिने आधी खिडकीपासून हलवली होती, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. खिडकीखाली मुंगीला चित्रं काढायला टेबल मावेल एवढी जागा तिने कुणालाही न सांगता मोकळी करून ठेवली होती. मी काही बोलणार तेवढ्यात ती माझ्यावर खेकसली की उभा काय राहिलायस, एक बाजू धर. मी धरली.

त्यानंतर मुंगी गुणी झाली. हो आत्या, देते आत्या, ठेवते आत्या. एरवी या दोघींचं दिवसातून एकदा तरी वाजायचं, रेडिओवरून, दिव्यावरून, चहात साखर कुणी जास्त घातली यावरून. आता घर इतकं शांत झालं की मला बाहेरच बरं वाटायला लागलं. मुंगी दुकानात बसून उसवायची कामं करायची आणि ब्लेड असं चालवायची की मलाच भीती वाटावी. ताई मला बाजूला घेऊन म्हणाली की पोरगी भांडत नाही, काहीतरी बिनसलंय. विचार ना मग, असं मी म्हटलं. तिने विचारलं नाही. मीही विचारलं नाही. आमच्या घरात कपडा उलटा करून बघायला कुणी घाबरत नाही, पण माणसाच्या शिवणीला कुणी अंगठा लावत नाही.

इकडे सरांच्या पॅन्टने ताईची पाठ सोडली नव्हती. नाही म्हणाली खरी, पण सरांनी ती पिशवीसकट तिथेच टाकली होती आणि ताईच्या डोळ्यांसमोर पडलेला कपडा तसाच राहणं शक्य नसतं. तिने चिंध्यांच्या पेटीतून जवळपास त्याच रंगाचा तुकडा शोधला आणि कमरेला मागे, पट्ट्याखाली झाकली जाईल अशी एक जोडपट्टी बसवली. इस्त्री करून, घडी घालून पॅन्ट मुंगीच्या हाती दिली आणि सरांना पोचवून यायला सांगितलं. प्रवेशाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती, फी अजून भरायची होती. मुंगीला सरांचं तोंड बघायचं नव्हतं, तरी ती गेली, कारण ती गुणी झाली होती.

सर खूश झाले. पॅन्ट उलटसुलट बघत म्हणाले, “कमाल आहे तुझ्या आत्याची. त्या दिवशी मला म्हणाली, हिच्यात माया उरली नाही, पुन्हा उसवली तर फाटेल. आणि शेवटी केलीच की.”

मुंगी म्हणते, तिला आधी समजलंच नाही. मग तिने विचारलं, हे पॅन्टबद्दल होतं? सर म्हणाले, मग कुणाबद्दल? आणि ही तिथून जी निघाली ती थेट घरी. मी दुकानाच्या पायरीवर बसलो होतो, माझ्या अंगावरून उडी मारून आत गेली.

“आत्या, तू सरांच्या पॅन्टबद्दल बोलत होतीस?”

ताईला काही समजेना. मुंगीने पडद्याकडे बोट दाखवून सगळं सांगितलं. समजलं तशी ताई आधी भडकली. तुझ्याबद्दल मी असं बोलेन, तेही गिऱ्हाइकापाशी, तुला वाटलंच कसं, असं तिने तीनदा विचारलं.

“का नाही वाटणार?” मुंगी म्हणाली. “तू सगळ्यांबद्दल तसंच बोलतेस. बाबा कच्च्या टाक्यावर, काका अस्तर. मग मी पॅन्ट असायला काय हरकत आहे?”

मला हसू आलं. दुसरं कुणी हसलं नाही, म्हणून मी आवरतं घेतलं. ताईने चष्मा काढून मशीनवर ठेवला. इतके दिवस पोरगी ते वाक्य उराशी घेऊन तिच्याशेजारी बसत होती, हो आत्या म्हणत होती, हे आता कुठे तिच्या ध्यानात आलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी ताईला रडताना फार कमी पाहिलंय. तिचं लग्न उसवलं तेव्हासुद्धा नाही.

“मग तू बोलत का नव्हतीस?” मुंगीने विचारलं. “निकाल लागल्यापासून एक शब्द नाही. पडद्याआडून ऐकलं तेच खरं वाटणार ना. आता पडद्याच्या या बाजूला बोल.”

ताईने हातातला दोरा बोटाला गुंडाळला.

“तो जिना,” ती म्हणाली. “वाकडं दिसलं की उसव, हे तुला मी शिकवलं. आणि माझी पोर परीक्षेत बसून उसवत राहिली. आता कुठल्या तोंडाने सांगू पुन्हा दे म्हणून? आणि नको देऊस म्हणायला जीभ रेटेना.”

मुंगी तिच्या पायाशी बसली, लहानपणी बसायची तिथेच. मग तिने जे सांगितलं ते मी विसरणार नाही. त्या दिवशी पडद्यामागे तिला आधी सुटल्यासारखं वाटलं होतं, झालं एकदाचं म्हणून. राग नंतर आला, जिना चढताना.

“कोरे राहिले ते प्रश्न मला येत होते, आत्या. सगळे येत होते. मला ते सोडवायचेत.”

“मग दे.”

“देते. पण मला वाकडं तसंच सोडून पुढे जायला शिकव.”

ताईने हात टेकले. म्हणाली, बाई गं, ते मलाच कुठे येतं.

दुसऱ्या दिवशी मुदत संपली आणि जवळच्या कॉलेजातली जागा गेली. मी ताईबरोबर पेटी पुन्हा हलवली, खिडकीखाली टेबल लावलं. मग वर्षभर आमच्या घरात जे चाललं ते बघण्यासारखं होतं. मुंगी घड्याळ लावून चित्र काढायची आणि ताई शेजारी बसायची. रेघ वाकडी गेली की मुंगीचा हात खोडरबराकडे जायचा आणि ताई म्हणायची, पुढे चल. म्हणायची, पण डोळे गच्च मिटून. एकदा ती मधूनच उठून खाली आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. मला वाटलं बरं नाही. तर म्हणाली, वर एक खिडकी तिरकी आहे, मला बघवेना. थोडं पाणी प्यायली आणि पुन्हा जिना चढली. हळूहळू मुंगीचा हात रबराकडे जायचा थांबला. दोघींचं भांडण मात्र पूर्ववत सुरू झालं आणि मी देवाचे आभार मानले.

परीक्षा जवळ आली तेव्हा ताईने खडा लावलेला कान सोडला. म्हणजे मुंगीसाठी नवा शर्ट शिवला. पाटी तशीच बाहेर आणि आत ही बाई नवं कापड बेतत बसलेली. मी न पाहिल्यासारखं केलं, मलाही जिवाची काळजी आहे.

परीक्षेच्या दिवशी सकाळी इस्त्री माझ्याकडे होती. या घराची सवय, मी शर्ट आधी उलटा केला. कॉलर अर्थातच बघत राहावी अशी. पण काखेखालची शिवण एके ठिकाणी वाकडी जाऊन परत वळणावर आली होती. माझा विश्वास बसेना. मी ताईला बोलावून दाखवली आणि विचारलं, वेळ आहे, उसवू का?

“दिसलीय मला,” ती म्हणाली. “हात लावू नकोस.”

मग माझं लक्ष आतल्या कापडाकडे गेलं. दोन्ही बाजूंना रुंद, ऐसपैस दोन-दोन बोटं माया सोडली होती. एवढी लहान मुलांच्या कपड्यातही कुणी सोडत नाही. मी म्हटलं, ताई, मुंगी काय आता वाढायची आहे का? एवढी कशाला?

मुंगी जिना उतरून पडद्यापाशी आली होती. पडदा बाजूला सारलेला होता. ताईने माझ्या हातातून शर्ट घेतला, सुलटा केला, खांद्यावरची नसलेली सुरकुती झटकली.

“असू दे,” ती म्हणाली. “यंदा नाही झालं तर पुन्हा बसेल, पुन्हा नाही झालं तर आणखी एकदा. कितीदा उसवली तरी फाटायची नाही. हिच्यात भरपूर माया आहे.”

“शर्ट ‘तो’ असतो, आत्या,” मुंगी म्हणाली.

“माहीत आहे मला,” ताई म्हणाली आणि तिला शर्ट देऊन चहा टाकायला आत गेली.